मा-सेलोच्या वतीने

माझी बायको तुरुंगात गेली त्या दिवशी मला कळलं, की आपल्या घरात मीठ कुठे असतं हे आपल्याला ठाऊक नाही. हसू नका. बत्तीस वर्षांचा संसार, आणि मी घरभर मिठाची डबी शोधतोय, तिकडे चुलीवर ज्वारीची लापशी करपतेय. शेवटी अळणीच गिळली. वर चार शिव्याही हासडल्या. कुणाला, ते विचारू नका. मी उपदेशक माणूस.

उपदेशक म्हणजे पाळक नव्हे बरं का. पाळकाला पगार असतो, घर असतं, मिशनची मोटार असते. आम्हा उपदेशकांना असते ती फक्त यादी. कुठल्या रविवारी कुठल्या गावात कोण उपदेश करणार, त्याची छापील यादी दर तीन महिन्यांनी मिशनमधून यायची. मी सहा दिवस लोकांच्या गोठ्यांच्या दगडी भिंती रचायचो, आणि सातव्या दिवशी कोट चढवून आठ-आठ मैल चालत जाऊन देवाचं वचन सांगायचो. चोवीस वर्षं त्या यादीत माझं नाव होतं. आणि खोटं कशाला बोलू, यादी हातात आली की मी आधी स्वतःचंच नाव शोधायचो.

आमच्याकडे पहिलं लेकरू झालं की आईबापांची नावं मागे पडतात. सेलो जन्मला, मी रा-सेलो झालो, ती मा-सेलो झाली. सेलो आता जोहान्सबर्गला सोन्याच्या खाणीत आहे. घरी आम्ही दोघं, सहा शेळ्या, आणि तिचा आवाज. आवाज वेगळा मोजावाच लागतो. आमच्या थाबानेंगच्या टेकडीवरून तिने शेळीला हाक मारली की खालच्या ओढ्यावरच्या बायका म्हणतात, "आलो, आलो!"

गुरुवार बायकांचा. त्या दिवशी देवळात बायकांची प्रार्थना असते आणि पुरुषांना तिथे फिरकायचीही सोय नाही. लाल ब्लाऊज, पांढरी कॉलर, काळा झगा, पांढरी टोपी. तो लाल ब्लाऊज बाजारात मिळत नाही. वर्षभर चालचलणूक बघतात, मग पाळक सगळ्या मंडळीसमोर तो हातात देतात. अंगावर आला की तो जपायचा कसा, तर जिचा तिनेच धुवायचा, जिचा तिनेच इस्त्री करायचा. नवऱ्याने हात लावायचा नाही. एकदा मी बसायला म्हणून खुर्चीवरचा ब्लाऊज उचलून खाटेवर ठेवला, तर मा-सेलो दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि वागणं बिघडलं तर मिशन तो परतही घेतं. आमच्या बायका मरणाला भीत नाहीत इतक्या त्या परत घेण्याला भितात. मा-सेलो या सगळ्या बायकांची पुढारीण.

आता पुस्तकाचं सांगतो, कारण सगळा घोळ त्याच्यावरून झाला. आम्हा काळ्या पुरुषांच्या खिशात पासाचं पुस्तक असतं. कुठे राहायचं, कुठे काम करायचं, कधीपर्यंत, सगळं त्यात. पोलिसाने मागितलं आणि खिशात नसलं की माणूस आत. मी सोळाव्या वर्षापासून ते बाळगतोय. इतकी सवय झाली होती, की देवळात गुडघे टेकतानाही आधी खिसा चाचपायचो. सत्तावन्न साली सरकारला वाटलं, बायकांना तरी मोकळं का सोडा? मार्च महिन्यात सरकारी ट्रक आला आणि चावडीजवळच्या झाडाखाली टेबल लागलं.

बायका कुजबुजायला लागल्या. घेणार नाही म्हणाल्या. तेव्हा मिशनचे मुख्य, गोरे हॅलम साहेब माझ्याकडे आले. "एफ्राइम," ते म्हणाले. ते मला एफ्राइमच म्हणायचे. पोराच्या नावाने हाक मारणं त्यांना कधी जमलं नाही. "एफ्राइम, लोक तुझं ऐकतात. दंगा नको. रविवारी त्यांना सांग."

आणि मी सांगितलं. काय रंगून बोललो होतो हो! प्रभू येशूचंच वचन, कैसराचं, म्हणजे बादशहाचं, ते कैसराला द्या, देवाचं देवाला. नाण्यावर कैसराचं चित्र आहे ना, मग द्या त्याचं त्याला आणि मोकळे व्हा. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. हॅलम साहेबांनी हात हातात घेतला. मी फुगलो.

घरी आल्यावर मा-सेलोने विचारलं, "मग मी काय करू?"

"घे," मी म्हणालो. "तू नाही घेतलंस तर लोक मला काय म्हणतील? मंडळीसमोर बोललोय मी. माझी अब्रू राख."

तिने राखली. सोमवारी सगळ्यांत पुढे ती गेली, खुर्चीवर बसून फोटो काढून घेतला, अंगठा दिला, पुस्तक घेतलं. ती गेली म्हणून मागून चाळीस बायका गेल्या. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मा-सेलो भांडते तेव्हा घर ठीक असतं. गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय.

जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळ्यात, लोरातोचं झालं. लोरातो आमच्या शेजारची, तरुण विधवा, पदरात दोन पोरी. धाकटी दहा महिन्यांची, तापाने फणफणलेली. औषध आणायला लोरातो धावत शहरात गेली आणि पुस्तक राहिलं घरी ट्रंकेत. पोलिसाने अडवलं. ती म्हणत होती, घरी आहे हो, तान्हं आहे घरी. कोण ऐकतो? तीन रात्री कोठडीत. ते तान्हं तीन रात्री आमच्या खाटेवर, मा-सेलोच्या कुशीत. कापडाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजत होती ती. पोर वाचलं, देवाची कृपा. चौथ्या दिवशी लोरातो आली तेव्हा तिच्या अंगावरचं दूध आटलं होतं. मा-सेलोने पोर तिच्या मांडीवर दिलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी शेळ्या बघायला बाहेर गेलो. आणखी काय करणार?

पुढच्या गुरुवारी प्रार्थना झाली. देवळाच्या आवारात आमचं मयतीच्या चहाचं मोठं तीन पायांचं लोखंडी भांडं आहे. बायकांनी त्यात पाणी घातलं, खाली लाकडं रचली, आणि मग मा-सेलोने झग्याच्या खिशातून पुस्तक काढून लाकडांवर ठेवलं. तिच्यामागून आठ जणींनी. लोरातोला मात्र त्यांनी पुढे येऊ दिलं नाही. तुझं तान्हं आहे, बस तिकडे, म्हणाल्या, आणि तुरुंगात मळू नयेत म्हणून आपले लाल ब्लाऊज बदलून घरी पोचवायला तिच्याकडे दिले. काडी लावली आणि त्या पुस्तकांच्या जाळावर चहा केला. चहा! प्यायल्या, आणि पोलिसांची वाट बघत बसल्या. दुपारी पोलीस आले तेव्हा मा-सेलोने म्हणे विचारलं, "अर्धा कप घेणार का? गरम आहे अजून."

मी तेव्हा तीन मैलांवर कुणाची तरी भिंत रचत होतो. पळत आलो तोवर ट्रक निघून गेला होता. भांड्यात थोडा चहा उरला होता. तो मी प्यायलो, आणि घरी जाऊन मीठ शोधायला लागलो.

शनिवारी हॅलम साहेबांचा निरोप आला. साहेब वाईट माणूस नव्हता हो. देवी आल्या तेव्हा याच माणसाने घरोघरी जाऊन पोरांना टोचलं होतं, आमची धाकटी लेक गेली तेव्हा तिच्या कबरीशी रडलाही होता. पण चोवीस वर्षं मी त्याच्याकडचा चहा व्हरांड्यात उभ्याने प्यालो, हेही तितकंच खरं.

"एफ्राइम," साहेब म्हणाले, "मॅजिस्ट्रेटशी बोललोय मी. ज्या बाया माफी मागून नवं पुस्तक घेतील त्या त्याच दिवशी घरी. नाहीतर तीन महिने सक्तमजुरी. तुझ्या बायकोने माफी मागितली की बाकीच्या मागतील. तू जा. नवरा आहेस तू तिचा."

"ते तिला माहीत असलं म्हणजे मिळवलं, साहेब."

ते हसले नाहीत. "आणि तिचा ब्लाऊज मला आणून दे. देवळाच्या आवारात जाळपोळ केलेल्या बाईच्या अंगावर तो राहू शकत नाही. माफी मागितली तर परत देईन." मग जरा थांबून म्हणाले, "ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही, त्याचं नाव मी उपदेशकांच्या यादीत कसं ठेवू? शास्त्रच आहे. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. त्याच वचनावर मी दोनदा उपदेश केला होता.

मंगळवारी गाढवाच्या गाडीने बारा मैल शहरात गेलो. तुरुंगात जाळीच्या पलीकडे ती उभी होती. अंगावर घोंगडी, चेहरा उतरलेला, आणि खोकत होती. मी डबा पुढे केला. पोलिसाने तो उघडून बघितला आणि आत दिला.

तिने एक घास खाल्ला. "मीठ कुठाय यात?"

"तेच विचारायला आलोय."

ती हसली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसली. "खिडकीवरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे. बत्तीस वर्षं तिथेच आहे. आणि एवढा मोठा उपदेशक, लोकांना म्हणतो तुम्ही पृथ्वीचं मीठ व्हा!"

"मा-सेलो," मी म्हणालो, "घरी चल गं. मला करमत नाही. शेळ्यासुद्धा माझ्याकडे बघत नाहीत नीट. तुझा हा खोकला, ही थंडी. तीन महिने तू इथे काढू शकणार नाहीस. एक शब्द बोल, माफ करा म्हण, काय जातंय? मनात नको म्हणूस, तोंडाने म्हण."

"हे तुमचं की साहेबांचं?"

"माझं." मग मान खाली घालून म्हणालो, "साहेबांचंही आहे. ब्लाऊज मागितलाय तुझा. आणि माझं नाव यादीतून काढतील."

यादीचं तिला ठाऊक होतं. माझ्या आधी तीच विचारायची, आलं का नाव? मग जाळीजवळ आली आणि हळू आवाजात बोलली. मा-सेलो हळू बोलते तेव्हा मला धडकी भरते.

"रा-सेलो, एक विचारू? तुम्ही शिकलेले. नाण्यावर कुणाचं चित्र होतं?"

"कैसराचं."

"म्हणून नाणं कैसराचं."

"हो."

"त्या पुस्तकात कुणाचं चित्र होतं हो?"

मी नकळत माझा खिसा चाचपला.

"माझं होतं. त्या खुर्चीवर बसवून काढलेलं. मग मी कुणाची? कैसराची? मला कुणी बनवलं, रा-सेलो? कुणाच्या रूपात बनवलं? ते तुम्हीच शिकवलंत मला, लग्नाच्या आधी, बाप्तिस्म्याच्या वर्गात. मी ते विसरले नाही. तुम्ही विसरलात."

अहो, चोवीस वर्षं मी त्या वचनावर बोललो. एकदासुद्धा डोक्यात आलं नाही. पाठ होतं ना सगळं, म्हणून.

मी म्हणालो, "पण तीन महिने गं..."

"सेलोचं ते पत्र आठवतं? तिकडे पश्चिमेला घानाचे लोक मोकळे झाले, त्यांचा झेंडा लागला, लिहिलं होतं त्याने. मी तुमच्याकडून चारदा वाचून घेतलं. काय विचार करत होते माहीत आहे? तिथल्या बायकांना पुस्तक असेल का हो?"

"कशाला असेल? आता राज्य त्यांचं आहे."

"तेच," ती म्हणाली. "आपलंही होईल. आपण असू-नसू, लोरातोचं तान्हं तरी बघेल. पण ते मोठं झाल्यावर विचारेल ना, आजी, तू काय केलंस? त्याला काय सांगू, माफी मागितली?"

पोलीस म्हणाला, वेळ झाली. ती जाता जाता वळली. "परवा कोर्ट आहे. माझा ब्लाऊज आणा. धुऊन, इस्त्री करून."

"मी? हात लावू?"

"लावा. मी सांगते देवाला, याला माफ कर म्हणून."

बुधवारी सकाळी मी तो ब्लाऊज धुतला. ओढ्यावर नाही, घरात, दार लावून. लोकांनी बघितलं असतं तर जन्मभर टिंगल केली असती. दुपारी कोळशाची इस्त्री तापवली. दगड रचणारे हात माझे, त्यांना ते मऊ कापड सापडेना. बाह्या झाल्या, पाठ झाली, आणि कॉलरीवर आलो तेव्हा कुठून बुद्धी झाली कुणास ठाऊक, खिडकीतून मिशनच्या रस्त्याकडे बघत राहिलो. साहेबांनी ब्लाऊज संध्याकाळपर्यंत आणायला सांगितलं होतं. वास आला म्हणून खाली बघितलं, तर पांढऱ्या कॉलरीवर तपकिरी डाग. मी डोक्याला हात लावून बसलो. लोरातो तान्हं घेऊन दारात आली, तिने तो डाग बघितला, मला बघितलं, आणि तोंडावर हात धरून हसत सुटली. मग रडायला लागली. मी तिला म्हणालो, "रडतेस काय? तिची बोलणी मला खायची आहेत, तुला नाही."

मिशनला मी गेलो नाही. ब्लाऊज वर्तमानपत्रात गुंडाळला आणि गुरुवारी पहाटे गाडी जुंपली. पण म्हणून मी फार शूर झालो असं समजू नका. बारा मैल मी एकच प्रार्थना करत होतो. प्रभू, तिला ब्लाऊज घालू दे, आणि माफीही मागू दे. दोन्ही होऊ दे. तुला काय अशक्य आहे?

कोर्टाच्या मागच्या अंगणात मी तिला गाठोडं दिलं. तिने उलगडलं. डाग बघितला.

"हे काय केलंत?"

"इस्त्री."

"देवा, मी याच्यासाठी माफी मागितली होती, पण एवढी नव्हती मागितली," ती आभाळाकडे बघून म्हणाली. आणि बाकीच्या आठ जणी, ज्या तीन तास थंडीत उभ्या होत्या, त्या एवढ्या जोरात हसल्या की पोलीस ओरडला. तिने तो तसाच घातला. त्यांच्यात तेवढी एकटी लाल.

आत मॅजिस्ट्रेट बसले होते, म्हातारे, सर्दी झालेले, नाक पुसत. त्यांना जेवायच्या आत सगळं उरकायचं होतं हे दिसत होतं. शेजारी दुभाष्या उभा होता, ओबेद. माझ्याच रविवारच्या वर्गात शिकलेला. मला बघून त्याने नजर खाली घातली. पहिल्या बाकावर हॅलम साहेब. त्यांनी तिच्या अंगावरचा ब्लाऊज बघितला, मग मला बघितलं. मी छताकडे बघितलं.

पुढारीण म्हणून तिला आधी उभं केलं.

"तू केलेल्या गोष्टीची माफी मागतेस का?" ओबेदने विचारलं.

"देवाची रोज मागते," मा-सेलो म्हणाली. "यांची कशाबद्दल मागू तेवढं विचार."

ओबेदने ते जरा मऊ करून सांगितलं असावं, कारण मॅजिस्ट्रेट चिडले नाहीत. ते कंटाळून म्हणाले, हिचा नवरा आला आहे का? मी उठलो. हॅलम साहेब पुढे जाऊन मॅजिस्ट्रेटच्या कानाशी काहीतरी बोलले.

मग ओबेदने मला सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा उजळला होता, पोराला वाटलं सुटका झाली. "बाबा, साहेब म्हणतात, कायद्याने बायको नवऱ्याच्या ताब्यात असते. तिने तोंड उघडायची गरजच नाही. तिच्या वतीने तुम्ही म्हणा, की ही नवं पुस्तक घेईल. नुसतं हो म्हणा. आत्ता, या क्षणी, तिला घेऊन घरी जा. आणि बाकीच्यांच्या नवऱ्यांनाही तेच विचारणार आहेत."

एक 'हो'. काय सांगू तुम्हाला, ते माझ्या जिभेवर आलं होतं. माफी तिला मागावी लागणार नव्हती. तिच्या तोंडून काही निघणार नव्हतं. बाहेर गाडी उभी, गाडीत मी जादा घोंगडी टाकलेली. संध्याकाळी चूल, तिचा आवाज, शेळ्या, भांडण. देवाने माझी प्रार्थना ऐकली होती. ब्लाऊज अंगावर, आणि सुटका दारात. मला ती घरी हवी होती. दुसरं काही नको होतं मला.

ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीकडे बघत होती. खोकला आला तो तिने दाबला, मला ऐकू येऊ नये म्हणून. आणि मार्चमध्ये तिने पुस्तक घेतलं, घरी आली, आणि एक शब्द बोलली नाही, त्या दिवशीसुद्धा ती अशीच खिडकीकडे बघत बसली होती.

"बाबा," ओबेद हळूच म्हणाला, "हो म्हणा ना."

"ओबेद," मी म्हणालो, "साहेबांना सांग, बत्तीस वर्षांत हिने मला शेळी विकतानासुद्धा तिच्या वतीने बोलू दिलेलं नाही."

मागे बाकांवर हशा पिकला. मॅजिस्ट्रेटने टेबलावर हात आपटला आणि विचारलं, काय म्हणतोय हा? हो की नाही?

बाकाला धरून मी म्हणालो, "पुढचं नीट सांग, मऊ करू नकोस. हिच्या वतीने मी एकदाच बोललो, साहेब. मार्च महिन्यात, देवळात, देवाचं नाव घेऊन. पुस्तक घ्या म्हणालो. माझी अब्रू राहावी म्हणून हिने घेतलं, आणि हिच्याकडे बघून चाळीस जणींनी घेतलं, आणि त्यातल्या एकीचं तान्हं तीन रात्री आईविना रडलं. ते पाप हिचं नाही, माझं आहे. हिने ते जाळलं. मी पुन्हा हिच्या वतीने बोलणार नाही. हिला तोंड आहे. तुम्ही ऐकलंत ते."

ओबेदने सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. माझा विद्यार्थी आहे.

मग इतर नवऱ्यांना विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. तीन महिने सक्तमजुरी, नऊ जणींना, एका दमात. मॅजिस्ट्रेट जेवायला गेले.

बाहेर पायऱ्यांवर हॅलम साहेबांनी मला थांबवलं. रागावले नव्हते, दुखावले होते, ते जास्त वाईट. "तुझ्या हातात होतं, एफ्राइम," ते म्हणाले. "शनिवारी यादी परत आणून दे." मी हो म्हणालो. आतून तुटल्यासारखं झालं, खोटं का सांगू. चोवीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.

अंगणात बायकांना ट्रकमध्ये चढवत होते. मी फळीपाशी गेलो आणि घोंगडी वर दिली. तिला मी घरी न्यायला आलो होतो, आणि माझ्याच तोंडाने तिला तीन महिने आत पाठवलं होतं.

"काय म्हणत होते साहेब?" तिने विचारलं.

"यादी परत मागितली. उपदेशक म्हणून संपलो मी आता."

तिने फळीला धरून खाली वाकून माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा, चांगलं डोळे भरून.

"संपलात कुठे?" मा-सेलो म्हणाली. "चोवीस वर्षांत आज पहिला उपदेश केलात तुम्ही. आधीची सगळी बडबड होती."

आणि ट्रक निघाला.